माळ्यावरचा चहा

“पयला पाणी आपला न्हय.”

एवढं म्हणून आमचे शेजारी पडवीच्या कडेला जायचे आणि वाटीतलं पिवळसर पाणी माडाच्या बुंध्याशी ओतायचे. पानं धुतली की मगच चहा. आमच्या वाडीत चहा म्हणजे दूध, साखर आणि खळखळून उकळी. तिथे हा माणूस चहाला आंघोळ घालून पितो, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना हौसेने सांगायचो. तुमच्या शेजारी असा कोणी असता तर तुम्हीही सांगितली असती.

जन्मभर ते मालवाहू बोटीवर खलाशी. बोटीवरच्या एका चिनी स्वयंपाक्याने त्यांना कच्च्या पुएर चहाची गोडी लावली. भाकरीएवढ्या घट्ट थापलेल्या वड्या, कागदात गुंडाळलेल्या. दाभणाने टोचून चिमूटभर पानं सुटी करायची, झाकणाच्या छोट्या वाटीत घालायची, वर कढत पाणी, आणि लगेच गाळून घ्यायचं. त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा गाळणं. दुपार संपायची, पानं संपायची नाहीत.

मला पहिल्यांदा दिला तेव्हा मी तोंड वाकडं केलं. ह्यापेक्षा काढा बरा म्हटलं, आणि साखर मागितली.

“साखर खंय गो? वायच थांब. गिळ आणि गप रव.”

गप्प राहिले. मग घशाशी हळूच गोडवा आला, आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसा. माझा चेहरा बदललेला त्यांनी पाहिला आणि खूश झाले. त्यानंतर चहा केला की कुंपणावरून मला हाक ठरलेली. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वयनीने, मात्र त्या चहाला कधी तोंड लावलं नाही. ती आत आपला दुधाचा चहा घेत बसायची आणि म्हणायची, “बोटीन ह्यांका बिघडवल्यान.”

आणलेल्या वड्या संपत गेल्या. शेवटची एक उरली, नोकरी सोडताना त्या स्वयंपाक्याने दिलेली. हा चहा लोणच्यासारखा मुरतो, वर्षं जातील तसा त्याचा कडूपणा उतरतो. म्हातारा झालास की फोड, असं सांगून त्याने ती दिली होती. म्हणून ती पत्र्याच्या डब्यात, कपाटात. मी विचारलं की एकच उत्तर यायचं.

“अजून कच्ची आसा. आणि मी पण.”

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. पावसाळाभर गोव्याच्या हॉस्पिटलात होते, किरणांचे शेक दिले. परत आले ते निम्मे होऊन. आवाज बसला होता, ते चाललं असतं. पण जिभेची चवच गेली. वयनी तिरफळं घालून त्यांच्या आवडीची बांगड्याची आमटी करायची आणि ते म्हणायचे, “गरम आसा, एवढा कळता.” नाकालाही काही समजेना. मला त्यांच्या दुखण्यापेक्षा ह्याचंच जास्त वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. मी मालवणी मसाला करून विकते. धणे नेमके कधी भाजून झाले, हे मला वासावरून कळतं, हे त्यांना माहीत होतं.

“तुजा नाक तिखट आसा. माका उसना दी. उगाच बरी आसा, बरी आसा म्हणू नको. काय लागता ता सांग. इतकी वर्सां ठेवलंय ती फुकट गेली काय, एवढाच माका कळाक होया.”

वयनीने डबा आणून दिला. कपाटातून नव्हे, चुलीवरच्या माळ्यावरून. दाभण त्यांनी माझ्याकडे दिलं. पहिलं पाणी मात्र त्यांनी स्वतः माडाला घातलं. दुसरं पाणी मी ओठाला लावलं.

आवळा होता. कडूपणा खरंच उतरला होता. पण सगळ्यावर चुलीचा धूर, आणि धुरामागून सुका बांगडा. सरळ सुका बांगडा. हा चहा शेजारचा वास ओढून घेतो, आणि आमच्याकडे माळ्यावर पावसाळ्यासाठी सुक्या मासळीची बेगमी असते. दारात वयनी पदर मुठीत धरून उभी.

“कडूपणा गेलो,” मी म्हटलं. “आवळ्यासारखो गोडवो आसा. वायच धुराचो वास.”

“आणि?”

मी वयनीकडे बघितलं. वयनी आणखी पाणी आणायला आत वळली, तसे ते माझ्याकडे झुकले.

“बांगडो?”

मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी वाटी आपल्याकडे ओढून घेतली. मग त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, “माका हास्पिटलात ठेवन ती भर पावसात एस्ट्यो बदलीत घराकडे इली. कपाटात बुरशी धरतली म्हणान डबो माळ्यार ठेवल्यान आणि तशीच परत इली. माका सांगल्यान, तुमची च्या संबाळलंय. माळ्यार काय आसता ता माका ठावक नाय? तिका सांगू नको.”

वयनी आली तेव्हा त्यांनी वाटी उचलून एका घोटात संपवली.

“झाली गो. मुरली एकदाची.”

ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली. मी पाणी घालत राहिले, आणि ते एकेक वाटी पीत राहिले. तोंडात काहीही कळत नव्हतं.

शिमग्याच्या आधी ते गेले. मला त्या कधी न पाहिलेल्या स्वयंपाक्याचा रागच आला. म्हातारा झालास की फोड म्हणे.

बारावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा वयनीने मला हाक मारली. त्यांच्यासारखा चहा एकदा करून बघायचा म्हणाली. पहिलं पाणी तिनेच माडाच्या बुंध्याशी ओतलं. मग जन्मात पहिल्यांदा तिने तो चहा प्यायला, आणि वाटी खाली ठेवली.

“हेका बांगड्याचो वास येता गो.”

तिने वाटी पुन्हा नाकाशी नेली.

“मी नासवलंय. इतकी वर्सां जपली तेंनी, आणि मी नासवलंय. आणि ह्ये म्हणाले, मुरली.”

तिचं तोंड बघवेना. दिलेला शब्द गेला खड्ड्यात.

“तेंका ठावक होता, वयनी. सगळा ठावक होता. तू पावसात कित्याक इलंस, ता पण.”

“ठावक होता?”

“होता.”

ती माडाकडे बघत बसली. मग वाटी उचलून उरलेला चहा पिऊन टाकला, साखर न मागता. डबा पदराने पुसला, झाकण दाबून लावलं, आणि स्टुलावर चढून परत माळ्यावर ठेवला, बांगड्यांच्या शेजारी.