जयवंताबाईचं थंड दही

इचोड्याजवळच्या गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतं ते जयवंताबाईला त्या घरच्या सुनेआधी कळतं. स्वतःच्या रक्तात काय शिजतंय ते मात्र कळलं गेल्या वर्षीच्या सीतादहीला. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या या पूजेत शेतात दहीभात शिंपडायचा मान तिचा. गार दह्यात हात घातला आणि बोटं जांभळीनिळी पडली. शेजारच्या रुख्मिणीनं तेव्हाही टोमणा सोडला नाही. ‘‘दह्यात नीळ कालवली काय व?’’

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडांच्या मज्जेत मायलोमा नावाचा कॅन्सर आहे. तिथल्या बिघडलेल्या पेशी जे प्रथिन सोडतात ते थंडी लागली की आपल्याच रक्तपेशींना चिकटतं, त्यांचे पुंजके करतं.

‘‘म्हंजे आपलंच कुत्रं घरच्याइले चावते,’’ जयवंताबाई म्हणाली. डॉक्टरांना यापेक्षा सोपं सांगता आलं नाही.

मग किमो. सोळा इंजेक्शनं तिनं पोटात घेतली, आणि तेवढ्यात सुई टोचणाऱ्या नर्सचं लग्नही जमवून दिलं. यंदा रक्त तपासायला देऊन आली. औषध लागू पडलं नसेल तर याहून कडक औषध सुरू होणार होतं. रिपोर्ट सोमवारी, सीतादही त्याआधीच्या शुक्रवारी.

गार वस्तूला हात लावू नका, ही डॉक्टरांची ताकीद. म्हणून सून रूपालीनं गुपचूप दही चुलीवर कोमट करायला ठेवलं. ते फाटलं.

‘‘सीतामाईले पनीर चारतं काय व?’’

‘‘आत्या, तुमच्या बोटांसाठी केलं मी.’’

‘‘बोटं माही हायेत. पाहू दे मले.’’

शेतात तिनं रुख्मिणीकडून गार दह्याचं मडकं मागवलं आणि मनगटापर्यंत हात घातला. नवरा अमृतराव कापसाकडे पाहायचं सोडून बोटांकडे पाहत राहिला. भात कालवून झाला. हात बाहेर आला. पांढरा, दह्यानं माखलेला. रूपालीनं पदरानं पुसला. बोटं आपल्या नेहमीच्या रंगाची, सावळी.

रुख्मिणी म्हणाली, ‘‘यंदा नीळ संपली वाटते.’’ मग उगाच खोकत तिनं तोंड फिरवलं.

सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. प्रथिन पुष्कळ उतरलं होतं, औषध तेच चालणार होतं. दह्याची हकिकत ऐकून ते चिडले. घरी असल्या तपासण्या करू नका म्हणाले.

‘‘बरं,’’ जयवंताबाई म्हणाली. ‘‘पण तुमच्याआधी मलेच कळलं, साहेब.’’