रिकाम्या घराची माशी

पुसेगावात आमच्या शेजारी एक म्हातारा एकटाच राहायचा. कधीही पाहावं तर हा आपल्या मातीच्या भिंतीला नाक लावून उभा. त्या भिंतीत रानमाश्या बिळं करत, आणि निळ्या ठिपक्यांची एक काळी माशी बाहेर दबा धरून असे. तिला स्वतःचं बीळ नसतं. घरधनीण फुलांवर गेली की ही आत शिरायची आणि आपलं अंडं घालायची.

"गावात दुसरीकडं न्हाई ही," तो हळूच सांगायचा. "पांढऱ्या मातीचं, उगवतीचं भिताड लागते तिला. अन् घर रिकामं लागते."

बोलताना तो सारखा मागं वळून बघायचा. त्याच्यापाशी उभं राहिलं की मलाही मागं बघावंसं वाटे.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात हत्यारबंद टोळ्या ओस घरांत शिरू लागल्या. गाव वऱ्हाडाकडं निघालं.

"काका, तुमी बी चला," मी म्हणालो.

"तुमी व्हा पुढं." त्यानं मागं वळून बघितलं आणि आमच्या किल्लीसाठी हात पुढं केला. गावातल्या बाकी घरांच्या किल्ल्या आधीच त्याच्या कमरेला लटकत होत्या.

शिवेवर बायकोनं माझा दंड घट्ट धरला. "आपलं घर जळून राहिलं."

धूर आमच्याच घरातून येत होता, पण बारीक आणि सरळ. चुलीचा होता. मग शेजारच्या बंद घरातून निघाला, मग त्याच्या पलीकडच्या.

थोड्या वेळात सारं गाव भरलेलं दिसू लागलं. त्यात माणूस एकच होता.