बू मुर्सिनाची आई आणि पांढरं बदक

बाजारात तांदळाच्या पापड्यांची टोपली मांडून बसलं, की कोणीतरी यायचंच आणि हसत विचारायचं, "काय बू, आज बदक नाही आणलं विकायला?" मोठ्या बाईला तिकडे बू म्हणतात. बू मुर्सिना ओठ मिटून पापड्या रचत राहायची. उत्तरं देऊन देऊन तिची जीभ झिजली होती. साठी उलटली, नातवंडं झाली, तरी जावातल्या क्लातेनच्या बाजारात ती ‘बदक विकणारीची लेक’च राहिली.

सगळा घोळ त्या पुस्तकाचा. ती लहान असताना त्यांच्या घरी एक गुरुजी भाड्याने राहत. त्यांनी मुलांसाठी गोष्ट लिहिली. सिना नावाची मुलगी, तिचं लाडकं पांढरं बदक, आणि पैशाच्या हावेपोटी ते बदक बाजारात विकणारी तिची आई. पुस्तक शाळाशाळांतून पोचलं. त्या आईवर दातओठ न खाल्लेलं पोर साऱ्या जावात सापडायचं नाही.

खरं काय ते मुर्सिनाला ठाऊक होतं. गुरुजी तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा आईने त्यांच्यासाठी स्लामेतान घातलं. गाव बोलवायचं, दुवा मागायची, सगळ्यांनी एका चटईवर जेवायचं. पानात अख्खा शिजवलेला कोंबडा लागतो. घरात कोंबडा नव्हता, म्हणून आईने बदक दिलं. गुरुजी उठून बसले, तंगडी चवीने खाल्ली, पुढे बदली होऊन गेले. आपण खाल्लं असं लिहायची लाज वाटली असेल. आईने विकलं, असं लिहून मोकळे झाले.

आणि आता त्या पुस्तकाचा सिनेमा निघाला. जाकार्ताहून वस्कितो नावाचा तरुण दिग्दर्शक आला. त्याला मुर्सिनाचंच अंगण हवं होतं.

"अंगण घ्या," ती म्हणाली. "पण माझी आई बदक विकणार नाही. तिने ते रांधून आजाऱ्याच्या तोंडी घातलं. एवढं खरं दाखवा."

वस्कितोने अदबीने मान झुकवली. "हो बू, हो. बघतो ना."

वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची जावात रीत नाही. मुर्सिनाने स्वतः आयुष्यभर असे पोकळ ‘हो’ वाटले होते. पण आस लागली की माणसाचं शहाणपण गहाण पडतं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी टेम्पोतून तांदूळ, नारळ, केळीची पानं, मसाला उतरला. सोबत वेताच्या पिंजऱ्यात एक पांढरंशुभ्र बदक. "उद्या सकाळी कामाच्या आरंभाचं स्लामेतान. रांधायचं तुम्ही," असं सांगून एन्दाह नावाची मदतनीस मुलगी आली तशी घाईने गेली. कोंबडा कुठेच दिसेना. मुर्सिना बदकाकडे बघत राहिली. ऐकलं म्हणायचं पोराने. तिने मशिदीतल्या पाक जुमादींना, म्हणजे जुमादीकाकांना, बोलावलं. त्यांनी अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली, आणि तिने आईसारखंच नारळाच्या दुधात ते अख्खं शिजवलं.

सकाळी अंगणात चटया पडल्या. मधोमध पिवळ्या भाताचा डोंगर. मुर्सिनाने शेजारच्या पातेल्यावरचं केळीचं पान काढलं. एन्दाह वाकून बघतच राहिली.

"हे काय आहे?"

"बदक."

"कुठलं बदक?"

"तुम्हीच तर पाठवलंत."

एन्दाहने केळीचं पान पुन्हा पातेल्यावर ओढलं. "बू, तो आमचा हीरो होता. हाक मारली की चालत यायचा. लॉजवर बिथरेल म्हणून तुमच्याकडे ठेवला होता."

"तांदळाशेजारी बदक ठेवून जाता, वर आम्हालाच विचारता?" पाक जुमादी म्हणाले. "मग कोंबडा कुठाय?"

"कोंबडा आज सकाळी येणार होता."

"सकाळी येऊन शिजला कधी असता, पोरी?"

तेवढ्यात वस्कितो आला आणि त्याने कपाळाला हात लावला. दिवेवाले, कॅमेरावाले, शेजारीपाजारी, सगळे एकदम बोलू लागले. पाक जुमादींनी हात वर केला. "भांडण मागून. दुवा आधी." दुवा झाली, आणि दुवा मागितलेलं अन्न टाकत नाहीत. त्यामुळे सगळ्यांनी जेवून घेतलं, रडवेल्या एन्दाहनेही.

जेवणं उरकल्यावर वस्कितो स्वयंपाकघरात येऊन बसला. "बू, पडद्यासमोर एवढीएवढी पोरं बसणार. बदक पातेल्यात दाखवलं तर आकांत होईल."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तुम्हाला नाही कसं म्हणू?"

मुर्सिना भांडी आपटत राहिली.

"मी एक तोड काढलीय," तो म्हणाला. "आई ठेवायचीच नाही. सिना अनाथ दाखवू. बदक वाट चुकतं, शेवटी परत येतं. मग तुमच्या आईला कोण नावं ठेवणार?"

तिच्या हातातली पळी थांबली. "म्हणजे बदक जगवायला माझी आई मारलीत?"

"गोष्टीत, बू."

"गोष्टीतच तर उरलीय ती. घरात एक फोटो नाही तिचा."

मुर्सिना चुलीकडे तोंड करून बसली. ओठांतल्या ओठांत तिने आईसाठी फातिहा, गेलेल्यांसाठीची दुवा, म्हटली. मग ओले हात पुसत, चिडूनच म्हणाली, "विकू दे तिला. हावरट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण ती गोष्टीत असू दे. आईचं काम करणारी तुमची नटी कुठाय?"

नटी आली. नाजूक, गोरीपान, नखं रंगवलेली. मुर्सिनाने एक नवी कोरी टोपली तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे बघ बाई. एकदा भाव सांगितला की खाली उतरायचं नाही. गिऱ्हाईक उठून चाललं तरी हाक मारायची नाही. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, शेजारणीशी बोलत राहायचं. ते परत येतंच."

नटीने मान हलवली आणि गोड हसली.

"हसायचं नाही," मुर्सिना म्हणाली. "माझी आई बाजारात हसायची नाही. चल, पुन्हा कर."