शेठच्या गाडीचे खांदे

हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आप्पांना ओळखत नव्हता.

आप्पा म्हणजे माझे वडील. कळवणहून नाशकात आले आणि डेंटर झाले. तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात मोटारींचे चेपलेले पत्रे ठोकून नीट करायचे. शिक्षण चौथी. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी — बी.एस्सी. आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो.

ऐंशी साल उजाडायचं होतं. कांद्याच्या एका व्यापाऱ्यानं, आम्ही त्याला शेठच म्हणायचो, जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली. दोन माणसांची, उघडी. पुढची दोन्ही मडगार्ड सडलेली. तशी इथे कुठे मिळणार? आप्पांनी ती हातानं घडवली, रेतीच्या पिशवीवर पत्रा ठोकून, चार महिने. डोळे मिटून तळवा फिरवायचे, कुठे खळगा लागतो का बघायचे. झाली तेव्हा — कसं सांगू? धावत्या घोड्याचे खांदे जणू. मलाही ती तशीच दिसली होती. खोटं कशाला बोलू?

मग शेठ मुंबईहून एक इंग्रजी मासिक घेऊन आला. त्यात नव्या सुपरकारचा फोटो — चपटी, टोकदार, पट्टीनं आखल्यासारखी. मी ऐटीत म्हणालो, "याला म्हणतात डिझाइन!"

आप्पा हसले. "ही गाडी हाय का इस्त्री? हिला ना पोट, ना खांदा."

गॅरेजभर हशा पिकला. चौथी पास माणसानं बी.एस्सी.ला चारचौघांत गप्प केलं — एवढंच मला लागलं. एवढंच होतं हो.

शेठनं मासिक माझ्या हातात दिलं. "घ्या ग्रॅज्युएट, वाचा. तुम्ही खरे का आप्पा?"

तिथे इंग्रजी वाचणारा मी एकटा. लेखातला प्रश्न तोच होता — नव्या गाड्यांचं रूप जुन्यांच्या तोडीचं आहे का? उत्तर स्पष्ट होतं: नाही. नवी बघून माणूस थबकतो, जुनीवरून हात फिरवावासा वाटतो, असं लिहिलं होतं. मला ते नीट समजलं.

मी मान वर केली आणि सांगितलं, "लिहिलंय, या गोलाईचे दिवस गेले. आता हिला कुणी सुंदर म्हणत नाही."

शेठनं गाडीचं तोंड नव्यासारखं करायला सांगितलं. ती मडगार्ड कापली कुणी? आप्पांनीच. मी समोर उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं — नाही बोललो.

ते चिडले असते तर! पण त्यांनी मानलं. छापलेलं होतं ना, आणि वाचलं होतं त्यांच्या मुलानं. त्यानंतर संध्याकाळी ऑफिसातून परतताना मी गॅरेजवर गेलो की हातातलं काम दाखवायचे. "तू बघ रे. माझी नजर जुनी झाली." साधा दरवाजा असला, तरी मी मान हलवेपर्यंत हातोडी खाली ठेवत नसत. आठ वर्षं. आणि मी मान हलवत राहिलो — मला पत्र्यातलं काय कळत होतं?

ते गेले. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. हे त्या गॅरेजात फक्त मला माहीत होतं.