गाडीचा फोटो

विद्यापीठातल्या आमच्या संशोधनाला दोन विभागांची माणसं लागायची. मोबाईलवरचे निरोप गावोगाव कसे फिरतात, हा विषय. संगणक विभागातले सर निरोपाची वाट शोधायचे. मी भाषेची, त्यामुळे वाटेत शब्द कसे बदलतात ते बघायची. आलेले निरोप लोकांनी खुशीने आम्हाला पुढे पाठवावेत, म्हणून सरांनी एक वेगळा नंबर घेतला होता.

त्या दुपारी आम्ही शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात होतो. बचत गट चालवणाऱ्या एका अक्कांच्या ओट्यावर भाकरी खाऊन बोलत बसलो होतो. त्या नंबरवर एक फोटो आला. आमचीच जीप, अक्कांच्या दारातल्या झाडाखाली. खाली अहिराणीत लिहिलेलं, ‘गाडीमा कोन शेतस? पोरे धरनारा तं नहीत ना?’

सर हसले. मीही हसले असेन.

थोड्या वेळाने तोच फोटो दुसऱ्या गावाहून आला. आता ‘नहीत ना’ गळलं होतं आणि प्रश्नचिन्हही. तिसऱ्यांदा आला तेव्हा भाषा शुद्ध मराठी झाली होती: ‘मुलं पळवणारी टोळी. गाडी अडवा.’ इतके दिवस मी जे शोधत होते ते माझ्यासमोर, आमच्याच गाडीबद्दल घडत होतं. गल्लीत मघाशी खेळणारी पोरं कुणीतरी घरात घेतली होती. दारं लागत होती.

अक्कांनी फोन हातात घेऊन वाचला. पदर खोचून त्या उठल्या.

“आते निंघा. मी बससू गाडीमा.”

त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या. नाल्यापाशी मोटारसायकली आडव्या लावलेल्या होत्या. पुरुष गप्प उभे होते. ते ओरडत असते तर बरं वाटलं असतं. अक्कांनी काचेतून हात बाहेर काढला.

“ह्या मना पाव्हना शेतस. वाट सोडा.”

कुणी हललं नाही. एकाने फोन वर धरून फोटो काढला. मग एका म्हाताऱ्याने आपली गाडी मागे घेतली, तशा बाकीच्यांनीही घेतल्या. डांबरी रस्त्यावर अक्का उतरल्या. “तुम्हाला त्रास देतील का?” मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि त्या चालत परत गेल्या.

काही महिन्यांनी रावेरहून, केळीच्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपमधून, नाल्यावरचा तो फोटो आमच्या नंबरवर आला. जीप जेमतेम दिसत होती. मधोमध अक्का, हात बाहेर काढलेल्या. खाली लिहिलं होतं, ‘हीच टोळीची म्होरकी.’

आम्ही लगेच पोलिसांकडे गेलो. तो निरोप खोटा असल्याचं त्यांनी सगळीकडे कळवलं. पण ते कळवणं आमच्या नंबरवर एकदाच आलं. फोटो येतच राहिला.

अक्कांचा फोन दोन दिवस बंद होता. तिसऱ्या दिवशी लागला. गावात कुणी काही बोलत नाही, त्या म्हणाल्या. मात्र शिरपूरच्या बाजारात मोहाची फुलं विकायला गेल्या तेव्हा एका बाईने त्यांना बघून आपलं लेकरू पदराआड घेतलं होतं.

“आम्ही येऊन जाऊ का?” मी विचारलं.

“नका येऊ,” त्या म्हणाल्या. “गाडी दखाई ते परत फोटो काढतीन.”

आम्ही गेलो नाही. त्यांची मोहाची फुलं आता शेजारीण बाजारात नेते.