एकाच भट्टीच्या विटा

घरकुलाच्या तपासणीचं काम मला मिळालं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. दोन हजार दहानंतरची वर्षं ती. सिव्हिलचा डिप्लोमा, कंत्राटी ऑर्डर, गळ्यात ओळखपत्र आणि बाबांनी जुनी घेऊन दिलेली स्कूटी. सरकारी मदतीने गावोगावी जी घरं उभी राहत होती ती मी पाहायची. जोतं झालं की एकदा, भिंती दाराच्या उंचीला आल्या की एकदा, छत झालं की एकदा. माझी सही झाली की पुढचं काम सुरू. फुलचूरला आमच्या गल्लीत आई कौतुकाने सांगत फिरायची, "पोरगी घरं पास करते." नापासही करते, हे मीच तिला सुधारून सांगायची. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं कशाला म्हणतात ते तेव्हा मला बघून कळलं असतं.

कामठ्याच्या पुढच्या एका गावात एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर होतं. भिंती दाराच्या उंचीला आल्या होत्या. अंगणात बाजेवर म्हातारा पडलेला. लकव्याने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. म्हातारी पाणी घेऊन आली आणि हसून म्हणाली, "जयभीम, पोरी. आपलीच पोरगी आली म्हून बरं वाटलं."

नेमकं तेच मला नको होतं. आपल्या माणसांना सूट दिली असं ऑफिसात कोणी म्हणू नये, याची मला इतकी धास्ती होती की आपलं माणूस दिसलं की मी जास्तच ताठ व्हायची. "जयभीम" मी पुटपुटले, पाणी प्यायले नाही आणि टेप काढला.

माप बरोबर होतं. मग विटा. पक्की वीट ओळखायला काही लागत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की ठण्ण वाजल्या पाहिजेत. भद्द वाजली तर आत कच्ची. आमच्या भागात घरगुती भट्टी राइस मिलमधल्या कोंड्यावर लावतात. तो कोंडा आठवडे आठवडे धुमसत राहतो आणि कडेच्या विटांना आच कमी लागते. हे मला पाठ होतं. भिंतीच्या कडेला भाताच्या तणशीखाली विटांचा एक ढीग होता. मी त्यातल्या दोन उचलल्या. भद्द. आणखी दोन. भद्द. एक कमरेइतक्या उंचीवरून सोडली, तिचे तीन तुकडे झाले.

"या विटा कुठल्या?" मी विचारलं.

"इथल्याच. एकाच भट्टीच्या होत सगळ्या," म्हातारी अभिमानाने म्हणाली. "बुढ्यानंच थापल्या, लकवा माराच्या आंधी. साऱ्या गावाले यानंच विटा देल्या. सोताच्या घराच्या मातर सगळ्यात शेवटी."

म्हातारा बाजेवरून डावा हात उचलून भिंतीकडे दाखवत होता. घशातून आवाज काढत होता, मान हलवत होता. तो गयावया करतोय असं मला वाटलं. म्हाताऱ्या माणसाला गयावया करताना मला बघवत नाही, म्हणून मी पाठ फिरवली. आजही त्या दिवसातलं मला सर्वात जास्त काय बोचत असेल तर ते पाठ फिरवणं.

"भिंती उतरवाव्या लागतील," मी म्हणाले. "विटा कच्च्या आहेत."

"काऊन उतरवाच्या? उभ्या आहेत न चांगल्या!"

"आज उभ्या आहेत, आजी. उद्या अंगावर आल्या तर?"

मी कागदावर लिहिलं आणि निघाले. रस्त्याने मला स्वतःचा भारी अभिमान वाटत होता.

पाचव्या दिवशी पुन्हा गेले. गावात शिरतानाच एकाने स्कूटी अडवली. "मॅडम, बुढ्याच्या विटा कच्च्या निघाल्या म्हणते. माह्या घरात बी त्याच्याच विटा आहेत. आता आमी का कराव?" पानाच्या टपरीवर बसलेली माणसं उत्तरासाठी माझ्याकडे बघत होती. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी एका घराला नापास केलेलं नाही, एका माणसाच्या आख्ख्या जन्माच्या कामाला केलं आहे. तरीही वाटलं, खरं ते खरं.

समोरची भिंत पूर्ण उतरवली होती, बाजूची अर्धी. म्हातारीने आणि तिच्या भावाने मिळून उतरवली होती. निघालेल्या विटा अंगणात रचलेल्या, बऱ्याचशा फुटलेल्या. आणि बाजेवर म्हातारा डाव्या हाताने एक वीट दुसरीवर आपटत होता. हळू, पण थांबत नव्हता.

"दोन दिवसापासून हेच करून राह्यला," म्हातारी म्हणाली. माझ्याकडे न बघता. "जेवत नाई. डोकं फिरलं वाट्टे त्याचं."

मी अंगणात उभी राहिले आणि ऐकलं. ठण्ण. ठण्ण.

मी रचलेल्या ढिगातून दोन विटा घेतल्या. त्यांच्या अंगाला भिंतीतलं सिमेंट चिकटलेलं होतं. आपटल्या. पितळी भांड्यासारख्या वाजल्या. आणखी दोन घेतल्या. मग आणखी दोन. एकही भद्द वाजली नाही.

मी एकेक विचारत गेले, म्हातारा मान डोलावत गेला, तेव्हा उलगडलं. तणशीखालचा तो ढीग त्याने स्वतः नापास केलेल्या विटांचा होता. भट्टी उघडल्यावर एकेक वीट वाजवून त्याने कच्च्या वेगळ्या काढल्या होत्या, चुलीच्या आणि गोठ्याच्या ओट्यासाठी. म्हातारी त्या दिवसांत लोकांच्या बांधीत उन्हाळी धानाच्या रोवण्याला जात होती, तिला पत्ता नव्हता. एकाच भट्टीच्या, हे तिचं म्हणणं खरंच होतं. आणि मी, डिप्लोमावाली, हाताशी आलेल्या ढिगातल्या विटा वाजवून भिंतीचा निकाल दिला होता. भिंतीतली एक वीट काढून बघायला अर्धा तास लागला असता. म्हातारा गयावया करत नव्हता. तो मला सांगत होता, तिथली नको, इथली वाजव.

मी बाजेजवळ खाली बसले. "बाबा, माझी चूक झाली," म्हणाले आणि रडू आलं. ओळखपत्रासकट रडले. म्हाताऱ्याने हातातली वीट माझ्या मांडीवर ठेवली आणि बाजेवर मान टेकली.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मंग आता बांध."

त्यानंतरचे दोन रविवार मी तिथे विटा वाहिल्या. मिस्त्री ओळखीचा नेला. प्रत्येक वीट आधी बाजेजवळ नेऊन वाजवायची, म्हाताऱ्याने मान डोलावली की मिस्त्रीकडे द्यायची. मला चांगल्या वाटलेल्या चार विटा त्याने परत पाठवल्या. उलटून बघितलं तर प्रत्येकीला केसाएवढी चीर होती. हे मला कॉलेजात तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. फुटल्यामुळे विटा कमी पडल्या, तेव्हा स्कूटी अडवणारा तो माणूस आपल्या घरच्या उरलेल्या विटा बैलगाडीत घालून घेऊन आला. त्याही म्हाताऱ्याच्याच हातच्या. म्हाताऱ्याने त्याही एकेक वाजवायला लावल्या.

भिंती पुन्हा दाराच्या उंचीला आल्या आणि मी फेरतपासणीचा कागद भरला. साहेबांनी वाचला आणि चष्मा काढला. "मॅडम, इतना क्या दिल पे लेना? लिहा ना, लाभार्थ्याने विटा बदलल्या, त्रुटी दूर झाली. तुमचं नाव खराब नाही, आमचं नाही. बात खतम."

साहेब वाईट माणूस नव्हते. माझ्या भल्याचंच सांगत होते. पण तसं लिहिलं असतं तर सरकारी कागदावर कायमचं राहिलं असतं की म्हाताऱ्याच्या विटा कच्च्या होत्या. कागद घट्ट धरून मी म्हणाले, "लिहिलेलं नाही बदलणार सर." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि शिक्का मारला. त्या वर्षी माझ्या पुढच्या ऑर्डरला उशीर झाला. का, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कागदाची एक प्रत घरमालकाला द्यायची असते. ती घेऊन मी गेले. दोघांनाही वाचता येत नव्हतं, म्हणून बाजेच्या कडेला बसून वाचून दाखवलं. "पहिल्या तपासणीत चूक तपासणाऱ्याची होती. विटा पक्क्या होत्या व पक्क्या आहेत."

म्हातारा ऐकत होता. डावा हात उचलून त्याने पुन्हा वाच अशी खूण केली. मी पुन्हा वाचलं.

म्हातारी दारात उभी होती. "बसून नोको वाचू," ती म्हणाली. "उभी राह्य अन् जोरानं वाच. टपरीपावतर आयकू गेलं पाह्यजे."

मी उभी राहिले. रस्त्याकडे तोंड केलं. टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. मी तिसऱ्यांदा वाचलं, आणि या वेळी खाली सही कोणाची आहे, तेही वाचलं.