आठच काहून?

अकोटच्या एसटी स्टँडवर मी अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होते. समोर आलेल्या गाडीतून आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल उतरले, मला पाहून थबकले आणि म्हणाले, "बाई, तुमाले कळलं नाही का? गोदावरीबाई गेल्या... सकाळीच." तिला कावीळ झाली होती हे ठाऊक होतं. परवाच दवाखान्यात ती माझ्यावर चिडली होती, फळं आणली, वाचायला काही आणलं नाही म्हणून. गाडीत मला जागा मिळाली, पण बसवेना. महिना उलटला तरी तसंच आहे. हातातलं काम टाकून उठते आणि कशासाठी उठले ते आठवत नाही.

आमची ओळख अमरावतीच्या वसतिगृहातली, पन्नास-एक्कावन्न सालची. ती बार्शीटाकळीची, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर. मी वलगावच्या शेतकऱ्याची मुलगी. सुरुवातीला काही मुलींनी पंगतीत तिचं ताट वेगळं मांडलं. ती ते उचलून सरळ माझ्यापाशी आली. "तुले चालते न?" मी सरकून जागा केली, आणि पुढची सगळी वर्षं ती जागा तिचीच राहिली. मी मराठी घेतलेलं, तिनं रसायनशास्त्र. एका दुपारी तिनं स्वयंपाकघरातून मूठभर ज्वारी आणली, फरशीवर मधोमध एक खडा ठेवला आणि त्याच्याभोवती दाण्यांची कडी मांडली. आत दोन दाणे, मग आठ, सगळ्यांत बाहेर एकच. "हा सोडियमचा अणू. हे दाणे म्हंजे इलेक्ट्रॉन. बाहेरच्या या एकट्याले घरात करमत नाही. तिकडं क्लोरीनच्या बाहेरच्या कड्यात सात, त्याले एक पाहिजे. यानं देल्ला, त्यानं घेतला. देणाऱ्यावर धन भार, घेणाऱ्यावर ऋण. मंग दोघं एकमेकाले सोडत नाहीत. झालं तुह्या भाजीतलं मीठ!" मी विचारलं, "आणि दोघांनाही पाहिजेच असेल, तर?" ती हसली. "मंग सामाईक. दोन वावरांच्या धुऱ्यावर, मधल्या बांधावर, एक विहीर असते न, दोघंबी म्हणतात आमची. तसं." मला सगळं समजलं असं वाटलं, तिनं मात्र हातानं दाणे विस्कटून टाकले. "पण आठच काहून? सात काहून नाही?" प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, नियम आहे, परीक्षेत लिहा. ती कितीतरी दिवस धुमसत होती.

छप्पन साली तिच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला. "माहा बाप म्हणते, कोणी सांगितलं म्हणून मानू नको, कारण इचार," असं ती अभिमानानं सांगायची. पुढं आम्ही दोघी अकोल्याच्या एकाच कॉलेजात लागलो. ती वर्गात चालत शिकवायची, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. काही वायूंच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन पुरे असतात, म्हणून ते कोणाशीच बंध करत नाहीत, त्यांना निष्क्रिय म्हणतात, हे तिनंही वर्षानुवर्षं शिकवलं. आणि एक दिवस माझा कवितेचा तास चालू असताना ती दारात येऊन उभी राहिली, हातात परदेशी नियतकालिक, श्वास लागलेला. "झेनॉन बांधल्या गेला!" पोरी खो-खो हसल्या. तिचं लक्षच नव्हतं. त्या निष्क्रिय वायूचं कोणीतरी संयुग केलं होतं, केशरी-पिवळं, डोळ्यांना दिसणारं. तिनं त्याच दिवशी आपल्या वर्गाला सांगितलं, मी शिकवलं ते अपुरं होतं, खोडा.

त्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. मालती नावाच्या विद्यार्थिनीनं उत्तर दिलं, झेनॉनची संयुगं होतात. ते हसले. "हे कोणी शिकवलं?" मालतीनं मान खाली घातली. गोदावरी म्हणाली, "मी शिकवलं." तिनं नियतकालिक आणून दाखवलं. त्यांनी उभ्याउभ्या चाळलं. म्हणाले, अभ्यासक्रमात नाही, आणि मालतीला नापास केलं. अंतर्गत परीक्षक म्हणून गोदावरीची सही लागत होती. तिनं केली नाही. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, विचार करा. मीही तिला म्हटलं, "गोदे, सही कर आणि मोकळी हो." माझ्याकडे रोखून पाहत ती म्हणाली, "खरं बोलली म्हणून नापास? अन् मी सही करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक आपणहून प्रयोगशाळेत आले. ते नियतकालिक त्यांनी मुक्कामी नेऊन वाचलं होतं. मालतीला पुन्हा बोलावून त्यांनी विचारलं, "झेनॉनचंच का? हेलियमचं का नाही?" मालती घाबरत म्हणाली, "सर, झेनॉनचा अणू मोठा आहे. बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब असतात. ओढणारा जबर भेटला तर सुटतात. हेलियम लहान, त्याचे घट्ट धरलेले." त्यांनी गुण बदलले आणि गोदावरीपुढं पेन धरलं. तिनं सही केली. मालती पास झाली. गोदावरीच्या कायम होण्याच्या कागदावर मात्र प्राचार्यांचा 'उद्धट' असा शेरा बसला आणि ते काम लांबत गेलं. तिला त्याचं काही नव्हतं. तिला नागपूरला संशोधनाला जायचं होतं. "शिकवून राहिली, पण आतलं अजून पुरतं समजलं नाही मले," असं म्हणायची. जाणार, जाणार म्हणता म्हणता... कावीळ झाली.

परवा स्टाफरूममध्ये एकटीच होते. आम्हा सगळ्यांच्या खुर्च्यांचे वेत मध्ये खोल गेलेत, काहींचे तुटलेत. तिच्या खुर्चीचा वेत मात्र नव्यासारखा ताठ आहे. इतक्या वर्षांत ती तिथं कधी बसलीच नव्हती. मी हळूच जाऊन बसले... आणि लगेच झटक्यानं उठले.